विंडोज सगळ्यात शेवटी

फ्रान्समध्ये मोठ्या शहरांत पोलीस असतात. खेड्यापाड्यांत आणि लहान गावांत बंदोबस्त असतो तो झांदार्मरीचा. हे दल लष्करी, मनुष्यबळ लाखाच्या घरात, चौक्या देशभर विखुरलेल्या. २०२४च्या मध्यापर्यंत या दलाच्या १ लाखाहून जास्त संगणकांवर, म्हणजे सुमारे ९७ टक्के यंत्रांवर, विंडोजऐवजी लिनक्स ही खुली संगणकप्रणाली आली होती. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारात स्वतःच्या गरजेप्रमाणे फेरफार करून त्यांनी ही आवृत्ती बनवली आणि तिचं नाव ठेवलं 'झांदबुंटू'.

सरकारं ओपन सोर्सकडे, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरकडे, वळतात ती लायसन्सचे पैसे वाचवायला, असं सरसकट म्हटलं जातं. पैसे वाचतातच. पण सरकारी कचेरीचा पाय खरा अडकतो तो फायलींत. युनिकोडच्या आधी मराठी डीटीपी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की पडद्यावर नुसता चिन्हांचा खच! कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हे ज्याच्या त्याच्या फॉन्टपुरतं ठरलेलं. वर्डच्या जुन्या 'डॉक' फायलींचीही तीच गत. त्यांची आतली रचना मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुली केली ती २००८मध्ये. तोवर इतरांनी अंदाज बांधत त्या उघडायच्या. तक्ते सरकायचे, समास बिघडायचे.

ओपन डॉक्युमेंट हा फाइलप्रकार २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याची रचना छापील नियमांत आहे, कुणीही वाचावी. गंमत म्हणून करून पाहा: या प्रकारातल्या 'ओडीटी' फाइलच्या एका प्रतीचं नाव बदलून शेवटी 'झिप' लिहा आणि ती उघडा. आत साध्या मजकुराच्या फायली निघतील, आणि त्यांतल्या एकीत तुमचा लेख, खुणांसकट.

झांदार्मरीने गाठ इथूनच सोडवायला घेतली. २००५पासून मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी ओपनऑफिस आलं, पुढच्या वर्षी फायरफॉक्स ब्राउझर आणि मेलसाठी थंडरबर्ड. विंडोजला हात लावला नव्हता. जवान नव्या प्रोग्रामांना सरावले, आणि ते प्रोग्राम लिनक्सवरही हुबेहूब तसेच चालतात. मग खाली कोणती प्रणाली आहे याने रोजच्या कामाला फारसा फरक पडेना.

तेवढ्यात विंडोजची नवी आवृत्ती व्हिस्टा बाजारात आली. तिकडे जायचं तर प्रशिक्षण द्यावंच लागणार होतं. २००८च्या सुरुवातीला दलाने उबुंटूचा निर्णय जाहीर केला. नंतर एका अधिकाऱ्याने सांगितलं की ठळक फरक दोनच, आयकॉन आणि गेम्स; आणि गेम्सना आमच्याकडे प्राधान्य नाही. मला या प्रकरणातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं ते हा क्रम: आधी प्रोग्राम, मग प्रणाली.

अर्थात नुसत्या तंत्राने भागत नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले, आणि २०१७मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजच्या बाजूने मत दिलं. मधल्या काळात महापौर बदलले होते.

खुद्द फ्रान्समध्येही सगळी खाती एका सुरात नाहीत. झांदार्मरीचे जवान सैनिकच. पण २००९मध्ये, त्यांचे संगणक उबुंटूवर जात असताना, संरक्षण मंत्रालयाने निविदा न काढता मायक्रोसॉफ्टशी ठोक करार केला. २०१२मध्ये पंतप्रधान एरो यांनी सरकारी खात्यांत मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याबद्दल परिपत्रक काढलं. करार २०१३मध्ये पुन्हा झाला. २०१७मध्येही.