छातीवरचे हात थांबू नयेत, पंप येईपर्यंत

हृदय बंद पडलं की सगळ्यात आधी कामाला येतात ते माणसाचे हात. छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटीमीटर खोल दाब. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी 1960 साली ही पद्धत मांडली. पण कितीही नीट दाब दिला तरी धडधाकट हृदय जेवढं रक्त फेकतं, त्याच्या पाव ते एक तृतीयांशच पुढे सरकतं. मेंदू त्यावर थोडा वेळ तग धरतो.

हातांऐवजी यंत्राने दाब दिला तर? लुकास या स्वीडिश यंत्राची अडीच हजारांहून जास्त रुग्णांवर झालेली चाचणी 2014 साली प्रसिद्ध झाली. जगण्याचं प्रमाण हातांइतकंच निघालं. यंत्र दमत नाही, हा फायदा मात्र रुग्ण हलवताना फार मोलाचा.

खरी उडी आहे ती एक्मोची, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, ऑक्सिजन देऊन परत आत सोडणाऱ्या यंत्राची. कोविडच्या दिवसांत हे नाव आपल्या कानावर पडलं, पण तेव्हा ते बहुतेक वेळा फुफ्फुसांसाठी लावलं जायचं. इथे ते हृदयाचंही काम अंगावर घेतं. जांघेतल्या शिरेतून एक जाड नळी हृदयापर्यंत सरकवतात, दुसरी जांघेतल्याच धमनीत. पहिलीतून काळपट रक्त बाहेर येतं, पंप ते ढकलतो, कृत्रिम फुफ्फुसात त्याला ऑक्सिजन मिळतो आणि लालभडक होऊन ते परत शरीरात जातं. मिनिटाला 3-4 लिटर, जवळपास नेहमीच्या हृदयाइतकं.

ऐकायला सोपं. करताना रुग्णाचं सगळं अंग दाबाबरोबर हलत असतं आणि दाब थांबवायची सोय नसते. त्यातच सुई धमनीत गेली की शिरेत, हे रंगावरून कळत नाही. हृदय बंद असताना दोन्हींतलं रक्त काळपटच. बोटाला लागणारा ठोकाही फसवतो, कारण दाबाची लाट शिरेतही उमटते. म्हणून सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात.

उपयोग होतो का? तैवानच्या राष्ट्रीय विद्यापीठ रुग्णालयात, रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्या आणि 10 मिनिटांहून जास्त सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देण्याचे उपचार, लागलेल्या रुग्णांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. एक्मो लावलेल्यांपैकी सुमारे 29 टक्के घरी गेले, नुसत्या सीपीआरच्या गटात 12 टक्के. पण कुणाला एक्मो लावायचं हे डॉक्टरांनी ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नव्हे. चिठ्ठ्या टाकून केलेली, अमेरिकेतल्या मिनेसोटातली चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. रुग्णालयाबाहेर कोसळलेले, शॉक देऊनही ठोका न धरणारे रुग्ण. एक्मोच्या 14 पैकी 6 जण घरी गेले, दुसऱ्या गटातल्या 15 पैकी एकच. नेदरलँड्समधल्या 10 रुग्णालयांतल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही. मला यातून एवढंच दिसतं की यंत्र तेच असलं तरी हात किती सरावलेले आणि मिनिटं किती गेली, यावर सगळं फिरतं.

दुसरी गोष्ट, एक्मो हृदय बरं करत नाही. रक्तवाहिनीतली गुठळी काढायला, अतिथंडीने गारठलेलं शरीर ऊब धरायला ते वेळ मिळवून देतं. दुरुस्त करता येईल असं कारणच नसेल, तर ते लावण्यात अर्थ नाही, आणि नातेवाइकांना हे सांगणं ही त्या खोलीतली सगळ्यात अवघड गोष्ट.

त्रासही आहेत. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, त्यामुळे रक्तस्राव. नळीने धमनी अडून पाय काळानिळा पडू नये म्हणून त्या पायाकडे वेगळी बारीक नळी. आणि पंपाचं रक्त महाधमनीत उलट्या दिशेने येतं, त्याच्या दाबाविरुद्ध थकलेल्या डाव्या कप्प्याला झगडावं लागतं. कधी तो रिकामा करायला आणखी एक छोटा पंप बसवावा लागतो.

एक्मो पूर्ण जोरात असताना मॉनिटरवरची रक्तदाबाची रेघ जवळजवळ सपाट असते, कारण पंपाला ठोके नसतात. मग एखाद्या दिवशी त्या रेघेवर बारीकसा उंचवटा दिसतो. काही क्षणांनी दुसरा. पंपाचा वेग थोडा कमी करून, इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, डोळे लावून सगळे बघत राहतात, पुढचा उंचवटा मोठा येतोय का.