‘हौशी’ बॉक्सर आणि ‘व्यावसायिक’ बॉक्सर: नावांवर जाऊ नका

कळव्याच्या आमच्या क्लबात नवीन पोराचे वडील आले की आठवड्याभरात प्रश्न ठरलेला. "सध्या हौशीच खेळतोय ना सर? मग प्रोफेशनल कधी होणार?" जसं काही बालवाडी संपली की पहिली.

सगळ्यांना माहीत असलेलं आधी उरकतो. हौशी म्हणजे ऑलिंपिकमध्ये दिसतं ते: ३ मिनिटांचे ३ राउंड, अंगात बंडी. व्यावसायिक म्हणजे ४ ते १२ राउंड, उघडं अंग. ग्लोव्हजची वजनं, हेडगार्ड, यावर ज्यांना वाद घालायचाय त्यांनी खुशाल घालावा. आणि वाशीच्या एसी जिममधलं ‘बॉक्सिंग फिटनेस’ यात धरूच नका. तिथे समोरून ठोसा येत नाही.

खरी गफलत पोटापाण्याची आहे आणि ती ‘हौशी’ या शब्दानेच केलीय. आपल्याकडे घर चालतं ते हौशी बॉक्सिंगवर. रेल्वे, सेनादल, पोलीस यांचे स्वतःचे संघ आहेत. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. व्यावसायिकाला बाउट, म्हणजे लढत, झाली तर पैसे. बाउट रद्द झाली किंवा बोट मोडलं, की बसा घरी. विजेंदर सिंगने २००८ ला बीजिंगमध्ये कांस्य मिळवलं, पुढे हरियाणा पोलिसांत डीएसपी झाला. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला, तेव्हा नोकरीचं काय, यावरूनच वाद पेटला.

"गरिबीच पोरांना प्रोकडे ढकलते" हे तर मला ऐकवत नाही. गरीब कुठे नाहीत? बाकी दारं बंद आहेत का, ते बघा. अमेरिकेत खेळाडूंसाठी रेल्वेच्या नोकरीचा कोटा नव्हता. तिथे रिंगमध्ये आधी आयरिश, मग ज्यू, मग इटालियन, मग कृष्णवर्णीय, अशी पाळी फिरत गेली. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीतला बेनी लेनर्ड १९१७ ते १९२५ लाइटवेटचा जगज्जेता होता. पुढच्या पिढीला कॉलेज, धंदा, वकिली मिळाली आणि ज्यू बॉक्सर रिंगमधून जवळपास दिसेनासे झाले. त्यांच्यातलं धाडस आटलं नव्हतं. १९३७ मध्ये कृष्णवर्णीय जो लुई हेवीवेट विजेता झाला, तेव्हा त्याच्या समाजाला त्यातली बहुतेक दारं बंदच होती.

आपल्याकडे दार आहे, फक्त ते हौशी रिंगमधून उघडतं. आमच्याकडे एक पोरगा होता, त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, असा की पॅड धरणाऱ्याचं मनगट सुजावं. पोलीस भरतीची जाहिरात आली आणि दुसऱ्या दिवसापासून हा १६०० मीटर आणि गोळाफेकीच्या मागे. ग्लोव्हज खुंटीला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण चूक माझी होती. त्याच सुमारास प्रोबद्दल विचारायला आला तो दुसराच: वय २७, राज्य पातळीवर दोनदा पहिल्याच फेरीत बाद, दिवसा ऐरोलीत पार्सलं पोचवणारा. कोट्याची रांग ज्याच्यासाठी संपली, तोच प्रोची चौकशी करतो.

म्हणून आता त्या वडिलांना मी उलट विचारतो, नोकरीच्या कोट्यासाठी लागणारी पोराची खेळाची सर्टिफिकेटं कुठल्या पातळीची आहेत, आणि क्रीडा कार्यालयातून पडताळून घेतलीत का?


बहुतेकांची ती घरी, कपाटातल्या फाइलमध्ये असतात.