क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे किंवा हॉटेलकडे वळते करताना: पात्रता, कागदपत्रे आणि कामाचा क्रम

काम पाच मिनिटांचे आहे. छापील फॉर्म नाही, सही नाही, शाखेत खेटे नाहीत. पण पॉइंट एकदा गेले की परत येत नाहीत. चुकीच्या खात्यात गेले, तारखेला सीट मिळाली नाही, बेत रद्द झाला, तरी बँक ते कार्डावर परत टाकत नाही. म्हणून पॉइंट वळते करण्याचे बटण सगळ्यात शेवटी दाबायचे. बाकीची सगळी तयारी त्याआधी करायची.

कोणाला करता येते?

आधी कार्ड कोणते आहे ते पाहा. कॅशबॅक कार्डांवर बहुधा ही सोय नसते. एखाद्या विमान कंपनीचे किंवा हॉटेल साखळीचे को-ब्रँड कार्ड असेल तर पॉइंट आपोआप त्याच कंपनीच्या खात्यात जमा होतात, ते बँकेकडून दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाहीत. आपल्याकडे या कामासाठी प्रामुख्याने वापरली जाणारी कार्डे म्हणजे एचडीएफसीची इन्फिनिया, डायनर्स ब्लॅक मेटल व रेगालिया गोल्ड, ॲक्सिसची ॲटलस व मॅग्नस आणि अमेरिकन एक्स्प्रेसची मेंबरशिप रिवॉर्ड्स देणारी कार्डे.

कार्ड बरोबर असले तरी थकबाकी नसावी. बिल थकले की बँका पॉइंटची वटवणूकच रोखतात. बायकोच्या किंवा मुलाच्या ॲड-ऑन कार्डावर केलेल्या खर्चाचे पॉइंट मुख्य कार्डधारकाच्या नावे जमा होतात आणि ते वळते करण्याचा अधिकारही त्यालाच असतो. स्टेटमेंट निघण्याआधी दिसणाऱ्या पॉइंटवर भिस्त ठेवू नका. वस्तू परत केली की तिचे पॉइंट वजा होतात. शिल्लक पाहताना 'उपलब्ध' लिहिलेला आकडाच धरा.

कागदपत्रे

अपलोड काहीच करावे लागत नाही, पण चार गोष्टी हाताशी लागतात: कार्ड, बँकेत नोंदवलेला चालू मोबाइल (ओटीपी त्यावरच येतो), ज्या कार्यक्रमात (विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या सदस्य योजनेत) पॉइंट न्यायचे त्याचा सदस्य क्रमांक आणि पासपोर्ट. पासपोर्ट लागतो तो नावासाठी. सर्वात जास्त व्यवहार अडकतात ते नावावरच.

मराठी माणसाचे नाव तीन पदरी. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात 'सुरेश दत्तात्रय' आणि आडनावाच्या रकान्यात 'पाटील' असते. कार्डावर मात्र जागा कमी म्हणून 'सुरेश डी पाटील' छापलेले असते आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावर घाईत फक्त 'सुरेश पाटील' भरलेले असते. त्यात दत्तात्रयच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'ए' आहे की नाही, हा वेगळाच घोळ. बँकेकडची नोंद आणि सदस्य खाते यांतली नावे जुळली नाहीत तर विनंती फेटाळली जाते किंवा दिवसेंदिवस 'प्रक्रियेत' राहते. लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण बँकेत माहेरचेच नाव राहिले, अशा वेळी आधी बँकेत केवायसी दुरुस्त करून घ्यावे. सदस्य खाते उघडताना पासपोर्टवरचेच नाव, त्याच स्पेलिंगने भरा. ते खाते स्वतःचेच हवे. नवऱ्याच्या कार्डाचे पॉइंट बायकोच्या खात्यात सहसा टाकता येत नाहीत. तिला तिकीट हवे असेल तर आपल्या खात्यातून तिच्या नावे काढायचे. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये त्यासाठी आधी तिला नामनिर्देशित करावे लागते आणि अशी जास्तीत जास्त 5 माणसे नोंदवता येतात. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये अशी यादी लागत नाही.

जुना क्लब व्हिस्टारा क्रमांक कुठे लिहून ठेवला असेल तर तो आता खोडा. 12 नोव्हेंबर 2024 रोजी व्हिस्टारा एअर इंडियात विलीन झाली आणि ती खाती एअर इंडियाच्या महाराजा क्लब या सदस्य योजनेत गेली.

क्रम

पहिले, सदस्य खाते आजच उघडा. ते फुकट असते आणि नव्या खात्यावर काही ठिकाणी सुरुवातीचे काही दिवस बंधने असतात. दुसरे, बँकेच्या रिवॉर्ड्स पोर्टलवर जाऊन सदस्य क्रमांक जोडा. इथे आकडा कॉपी-पेस्ट करून पुन्हा वाचा, कारण एकदा जोडलेला क्रमांक बदलायला अनेक ठिकाणी कस्टमर केअरच्या मागे लागावे लागते. तिसरे, विमान कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून हव्या तारखेला माइल्सवर (म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंटवर) सीट खरोखर आहे का ते पाहा. पैसे भरून मिळणारी सीट आणि माइल्सवर मिळणारी सीट यांचा कोटा वेगळा असतो. विमान अर्धे रिकामे असूनही माइल्सवर एकही जागा नाही, असे होते. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर हमखास. पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊन या. एवढे झाल्यावर लागतील तेवढेच पॉइंट वळते करा आणि पोहोचल्या पोहोचल्या तिकीट काढा. तोवर सीट तुमच्यासाठी कोणी धरून ठेवत नाही. काही ठिकाणी पॉइंट काही मिनिटांत पोहोचतात, काही ठिकाणी काही दिवस लागतात, म्हणून दुसरी-तिसरी तारीखही हेरून ठेवा.

गुणोत्तर आणि हिशेब

गुणोत्तर वाचताना पहिला आकडा कार्डाचा, दुसरा समोरच्या कार्यक्रमाचा. रेगालिया गोल्डचे 2:1, म्हणजे 2 पॉइंट दिले की 1 माइल. इन्फिनियाचे काही विमान कंपन्यांसाठी 1:1. ॲटलसचे 1:2, म्हणजे उलट दुप्पट होतात. हे आकडे बँका अधूनमधून बदलतात. पुष्टीच्या पानावर दिसेल तोच आकडा खरा.

फायदा आहे का, हे पाहायची रीत सोपी आहे. मानू की तिकीट रोखीने 42,000 रुपयांना आहे आणि माइल्सवर 25,000 माइल्स अधिक 6,500 रुपये कर लागतात. 42,000 वजा 6,500 म्हणजे 35,500. भागिले 25,000, म्हणजे एका माइलचे 1 रुपया 42 पैसे. कार्ड 1:1 असेल तर उत्तम. 2:1 असेल तर तेच 50,000 पॉइंट जातात आणि पॉइंटला 71 पैसेच पडतात. कर वजा न करता भागाकार करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे उत्तर नेहमीच गोड येते.

हॉटेलचे उदाहरण ॲकोरचे घेऊ (मुंबईचे सोफिटेल, पुण्याचे व गोव्याचे नोव्होटेल याच साखळीत). तिथे दर ठरलेला आहे: 2,000 पॉइंट म्हणजे 40 युरो. इन्फिनियातून ॲकोरला 2:1 ने गेले तर 4,000 पॉइंट खर्चून 40 युरो मिळतात. युरो 100 रुपये धरला तर पॉइंटला 1 रुपया. एचडीएफसीच्या स्मार्टबाय या बुकिंग पोर्टलवर विमान किंवा हॉटेल बुक करतानाही इन्फिनियाचा पॉइंट 1 रुपयालाच वटतो, फक्त तिथे बिलाच्या 70 टक्क्यांपर्यंतच पॉइंट चालतात. म्हणजे या दोहोंत फरक जवळपास नाही. मग पॉइंट कार्डावरच ठेवलेले बरे.

हॉटेलचे पॉइंट पुढे विमान कंपनीकडे नेणे मात्र शक्यतो टाळावे. मॅरियटचे बहुतेक कंपन्यांसाठी 3:1 आहे. 60,000 एकदम दिले तर 5,000 माइल्स बोनस धरून 25,000 होतात. 60,000 पॉइंटमध्ये त्याहून चांगला मुक्काम होऊ शकतो.

शुल्क आणि मर्यादा

ॲक्सिसने 20 डिसेंबर 2024 पासून काही कार्डांवर पॉइंट वळते करायला 199 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी लावला, म्हणजे दर वेळी 234 रुपये 82 पैसे. हे शुल्क दर व्यवहाराला असते, पॉइंटच्या संख्येवर नाही. त्यामुळे थोडे-थोडे करून पाठवणे महागात जाते. आणखी एक गोष्ट सहसा उशिरा लक्षात येते, ती म्हणजे वार्षिक मर्यादा. ॲटलसवर भागीदारांचे दोन गट आहेत. सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड वगैरे पहिल्या गटात कॅलेंडर वर्षाला कार्डावरचे 30,000 पॉइंटच वळते होतात. एअर इंडिया, फ्लाइंग ब्लू असलेल्या दुसऱ्या गटात 1,20,000. पहिल्या गटाचे 30,000 दिले की 1:2 ने 60,000 मिळतात आणि त्या वर्षाचे दार बंद. घरातल्या चौघांची तिकिटे काढायची असतील तर अर्धे डिसेंबरमध्ये, अर्धे जानेवारीत, असे करावे लागते.

मुदतीचा विचार मात्र त्यातच करावा. क्रिसफ्लायरचे माइल्स मिळाल्यापासून 36 महिन्यांनी जातात, मधे व्यवहार केला तरी ती मुदत आपोआप वाढत नाही. मॅरियटमध्ये 24 महिन्यांत एकही व्यवहार नसेल तर शिल्लक शून्य होते.

पॉइंट कार्डातून वजा झाले आणि समोर जमा झाले नाहीत तर

व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ आणि दोन्हीकडच्या शिल्लकेचे स्क्रीनशॉट बटण दाबण्याआधी आणि नंतर काढून ठेवलेले असावेत. बँकेने सांगितलेली मुदत उलटली की आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा, कारण विमान कंपनी 'आमच्याकडे काही आलेले नाही' एवढेच सांगते. तक्रार क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.

कार्ड बंद करायचे ठरले असेल तर आधी पॉइंट काढून घ्या आणि ते समोर जमा झालेले डोळ्यांनी पाहूनच बंद करण्याची विनंती पाठवा. थकबाकी नसेल तर बँकेला 7 कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावे लागते, आणि कार्डाबरोबर उरलेले पॉइंटही जातात.