एसीच्या रिमोटवरून हरवलेली आर्द्रता

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात कूलरसमोर झोप लागते. तोच कूलर ऑगस्टमध्ये लावला की अंथरूण चिकट होतं, डब्यातले पापड सादळतात. हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. तरी एसीच्या रिमोटवर वर्षभर आपण एकच आकडा बघतो, तापमानाचा. या यंत्राचा जन्म मात्र ओलाव्यासाठी झाला होता.

1902 साली ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात रंगीत छपाई बिघडत होती. एकेक रंग वेगळा छापला जाई. दमट दिवसांत मधल्या वेळात कागद फुगे आणि पुढचा रंग आधीच्या रंगावर नेमका बसत नसे. विलिस कॅरिअर या 25 वर्षांच्या इंजिनिअरने गार नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढायची यंत्रणा आखली. हवी होती 55 टक्के आर्द्रता. माणसांना गार वाटणं हा हेतूच नव्हता. पुढे 1906 मध्ये स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकी इंजिनिअरने ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द वापरला तो सूतगिरण्यांसाठी, आणि तिथे तर हवेत ओलावा घालायचा होता.

मग घरात येताना आर्द्रता गळाली कशी? तापमान मोजून यंत्र चालू-बंद करणं सोपं होतं. अमेरिकी संशोधक वॉरन जॉन्सनचा विजेचा थर्मोस्टॅट 1883 सालचा आहे. ओलावा मोजायला मात्र दीर्घकाळ माणसाचा केस वापरत, कारण दमट हवेत केस लांबतो. स्विस शास्त्रज्ञ सोस्यूरने 1783 मध्ये वर्णन केलेलं हे साधन नाजूक, पुन्हापुन्हा जुळवावं लागणारं. 1973 मध्ये फिनलंडच्या वैसाला कंपनीने पातळ पापुद्र्याचा विजेवर चालणारा सेन्सर आणला, आणि आता असा सेन्सर नखाएवढ्या चिपमध्ये मावतो.

मराठवाड्यात गारव्याची परंपरा जुनी आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, माळवद, दारात वाळ्याचा ओला पडदा. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. हवेत ओलावा न मिसळता ते दालन गार राहतं, ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कूलर मात्र वाळ्याच्या पडद्याचा वारस. त्याला कोरडी हवा लागते आणि बादल्यांनी पाणी लागतं, तेही नेमकं टंचाईच्या दिवसांत. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. मेच्या दुपारी 40 अंश आणि 15 टक्के आर्द्रता धरली, तर त्या खोलीतल्या हवेत जेमतेम पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात असतं. ऑगस्टमध्ये 28 अंश आणि 80 टक्के धरले, तर पाऊण लिटरच्या आसपास. तापमान 12 अंशांनी उतरलं, पाणी मात्र जवळपास तिप्पट झालं. गदमदतं ते यामुळे.

अशा दिवशी एसी 26 वर लावला तर खोली पटकन 26 ला येते आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र ओल्या कॉइलवरून (एसीतल्या गार नळ्यांच्या जाळीवरून) हवा फिरवत राहतो आणि तिच्यावरचं पाणी परत खोलीत येतं. गरजेपेक्षा मोठा एसी घेतला की हे जास्तच होतं. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर एसी मंद चालताना कॉइल पुरेशी गार राहिली नाही, तर तोही ओलावा कमीच काढतो. ‘ड्राय’ मोडमध्ये पंखा हळू होतो, त्यामुळे कॉइल गार राहते आणि पाणी जास्त गळतं. पण साध्या एसीत तोही सहसा आर्द्रता न मोजताच चालतो.

आपल्याकडे 1 जानेवारी 2020 पासून नव्या एसीला सुरुवातीचं सेटिंग 24 अंशांचं असावं असा नियम आहे. वीज वाचवण्यासाठी तो योग्यच आहे, पण आकडा तिथेही एकच. तापमान आणि आर्द्रता दोन्ही मोजणारं नियंत्रण हवा कोरडी असली की 27-28 वर पंख्यासह भागवतं. दमट असली की पंखा हळू करून, ठरल्यापेक्षा अंश-दीड अंश खाली जाऊनही पाणी काढत राहतं. मेमध्ये एसीच्या नळीखाली ठेवलेल्या बादलीत थोडंच पाणी साठतं. ऑगस्टमध्ये ती भरताना दिसली, की एसी आपलं मूळ काम करतोय.