स्टेडियम आलं म्हणून भाव वाढले?

पुण्याच्या पश्चिम भागात फ्लॅट विकणाऱ्यांच्या जाहिरातींत अंतरं किलोमीटरमध्ये नसतात, मिनिटांत असतात. हिंजवडी दहा मिनिटं, हायवे दोन मिनिटं आणि हमखास एक ओळ अशी: ‘स्टेडियम अगदी जवळ’. स्टेडियमशेजारी राहणं चांगलंच, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. पुरावा कुणी मागितलाच, तर बोट बालेवाडीकडे जातं.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं, तेव्हा तो भाग शहराबाहेरच समजला जाई. आज तिथे टॉवर आहेत, ‘हाय स्ट्रीट’ आहे आणि शनिवारी रात्री गाडी लावायला जागा नसते. म्हणजे स्टेडियमने बालेवाडी घडवली? सांगायला सोपं आहे खरं. पण मधल्या काळात आणखी काय काय झालं ते बघा. १९९७ मध्ये बालेवाडी महापालिकेच्या हद्दीत आली. शेजारी हिंजवडीत आयटी पार्क सुरू झालं आणि हजारो पगारदार मंडळी कंपनीच्या जवळ घर शोधू लागली. कात्रज-देहूरोड बाह्यवळण बालेवाडीवरूनच जातं. या सगळ्यांतून स्टेडियमचा वाटा वेगळा कसा काढायचा? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तरी श्रेय कावळ्याला जातं, कारण तो दिसतो. स्टेडियम तर दहा मजल्यांइतकं उंच दिसतं.

अर्थशास्त्रज्ञांची अडचण नेमकी इथेच आहे. औषधाची चाचणी घेताना निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना नुसती साखरेची गोळी देता येते. पण एक पुणे स्टेडियमसह आणि दुसरं स्टेडियमशिवाय, अशी दोन पुणी बांधून वीस वर्षं वाट बघता येत नाही. मग ते अशा घटना शोधतात, जिथे परिस्थितीनेच प्रयोग करून ठेवलेला असतो.

अमेरिकेत असा एक प्रयोग १९९४ मध्ये झाला. ऑगस्टमध्ये बेसबॉलपटूंनी संप पुकारला, उरलेला हंगाम रद्द झाला, वर्ल्ड सिरीज ही अंतिम लढतसुद्धा झाली नाही आणि पुढच्या एप्रिलपर्यंत स्टेडियमं ओस पडली. आता हिशेब बघा. व्यावसायिक संघामुळे शहराची कमाई वाढत असेल, तर सामने थांबल्यावर संघ असलेल्या शहरांत ती घटायला हवी. डेनिस कोट्स आणि ब्रॅड हम्फ्रीज या दोघांनी असे वेगवेगळ्या खेळांतले संप आणि टाळेबंद्या (म्हणजे संघमालकांनीच खेळ बंद ठेवणं) तपासल्या. शहरातल्या दरडोई उत्पन्नात घट सापडलीच नाही. सामने बंद झाले तरी शहराच्या खिशाला त्याचा पत्ता नव्हता.

पहिल्यांदा वाचताना हे पटत नाही. सामन्याच्या दिवशी वानखेडेबाहेरची उलाढाल डोळ्यांनी दिसते. चर्चगेटहून चालत येणाऱ्या गर्दीत निळे टी-शर्ट विकणारे, गालावर तिरंगा रंगवणारे, भोंगे विकणारे असतात. आत बॅग नेऊ देत नाहीत, म्हणून पैसे घेऊन बॅगा सांभाळणारेही असतात. हा धंदा अगदी खरा आहे. प्रश्न इतकाच, की हा पैसा नव्याने आला की दुसरीकडून हलला? बोरिवलीचं चौघांचं कुटुंब तिकीट, लोकल, खाणं मिळून एका संध्याकाळी काही हजार खर्च करतं. सामना नसता, तर त्यातला बराच पैसा बोरिवलीतच हॉटेलात, सिनेमात किंवा मॉलमध्ये गेला असता. चर्चगेटला जे वाढलं, ते बोरिवलीत घटलं. मुंबईची बेरीज जवळपास तीच राहिली.

दुसरं म्हणजे, मोठा पैसा त्या रस्त्यावर उतरतच नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ती रक्कम प्रक्षेपण कंपन्यांकडून क्रिकेट मंडळाकडे आणि तिथून संघमालकांकडे व खेळाडूंकडे जाते. खेळाडू राहतात भलत्याच शहरात आणि खर्च करतात तिसऱ्याच देशात. स्टेडियमच्या फाटकासमोरच्या वडापाववाल्याला या साखळीत कुठेच जागा नाही.

आणि सामने असतात तरी किती? आयपीएलमध्ये एका संघाला घरच्या मैदानावर साधारण सात. वानखेडेची क्षमता सुमारे ३३,०००. सातही सामने खचाखच भरले, तर हंगामभराचे प्रेक्षक सव्वादोन लाखांच्या आसपास होतात. चर्चगेट स्टेशन एवढी माणसं दोन-तीन कामाच्या दिवसांत सहज हाताळतं. तिथल्या हॉटेलांना आणि दुकानांना ऑफिसला जाणारी माणसं जगवतात. सामना हा त्यांच्यासाठी बोनस असतो. किंबहुना काहींना तापच, कारण बंदोबस्तामुळे नेहमीचं गिऱ्हाईक त्या दिवशी फिरकत नाही.

घरांच्या किमतींचं गणित जरा वेगळं आणि जास्त गमतीचं आहे. किंमत म्हणजे पुढे काय होईल याबद्दल लोकांनी पैशांत मांडलेलं मत. म्हणून स्टेडियम बांधून होण्याची वाट बघायची गरज नसते. नुसती घोषणा झाली तरी भाव बोलू लागतात.

टेक्सासमधल्या डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाला नवं स्टेडियम हवं होतं. आधी डॅलसमधल्या फेअर पार्क या जागेचं नाव पुढे आलं. मग तो बेत बारगळला आणि शेजारच्या आर्लिंग्टन शहराने पुढाकार घेतला. २००४ मध्ये तिथल्या मतदारांनी स्टेडियमसाठी वाढीव कर मंजूर केला. डेहरिंग, डेपकेन आणि वॉर्ड या तीन संशोधकांनी या प्रत्येक घोषणेच्या आगेमागे झालेले घरांचे व्यवहार तपासले. फेअर पार्कची घोषणा होताच त्याच्या जवळची घरं महागली. पण ज्यांच्या करातून स्टेडियम होणार होतं, त्या बाकीच्या डॅलस काउंटीत भाव उतरले. बेत बारगळल्यावर दोन्ही हालचाली उलट्या फिरल्या. आर्लिंग्टनमध्ये तर बांधकामाची कुदळ पडण्याआधीच घरांचे भाव आसपासच्या भागाच्या तुलनेत सरासरी दीड टक्क्याने घसरले. ही घसरण जवळजवळ त्या कराच्या अपेक्षित बोज्याइतकीच निघाली. म्हणजे घर घेणाऱ्यांनी भाषण न करता सांगून टाकलं: कराचा बोजा आम्ही हिशेबात धरला, आणि स्टेडियमचा फायदा धरला शून्य.

लंडनमध्ये मात्र उलटं चित्र दिसलं. आर्सेनल या फुटबॉल क्लबचं एमिरेट्स स्टेडियम २००६ मध्ये आणि नवं वेम्बली २००७ मध्ये उघडलं. आल्फेल्ट आणि काव्हेट्सोस यांच्या अभ्यासात या स्टेडियमांच्या आसपास घरांचे भाव वाढलेले आढळले. जितकं जवळ तितकी वाढ जास्त, आणि ती उद्घाटनाच्या आधीच सुरू झालेली. देखणी इमारत उभी राहिली की परिसराचं रूप पालटतं, हे त्यामागचं एक कारण. तेव्हा ‘स्टेडियमने कधीच काही होत नाही’ असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण आर्लिंग्टनच्या स्टेडियमभोवती पार्किंगच्या डांबराचा समुद्र आहे आणि लंडनची ही दोन्ही स्टेडियमं ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. माझ्या मते खरा फरक इथे आहे, आणि तो साध्या अंकगणितानेही कळतो.

वानखेडेचंच घ्या. मुंबई क्रिकेट संघटनेला राज्य सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली ही जागा सुमारे ४४,००० चौरस मीटर, म्हणजे ११ एकरांच्या आतबाहेर. आता समजा, सगळे ३३,००० प्रेक्षक गाडीत तिघे असे मोटारीने आले. गाड्या झाल्या ११,०००. ये-जा करायची वाट धरून एका गाडीला साधारण २५ चौरस मीटर जागा लागते. एकूण पावणेतीन लाख चौरस मीटर. म्हणजे खुद्द स्टेडियमच्या सहापट जागा फक्त गाड्या उभ्या करायला! शेवटच्या षटकानंतर त्या सगळ्या एकदम निघाल्या, तर रस्त्याच्या एका लेनवरून तासाला जास्तीत जास्त दोनेक हजार गाड्या जातात. दोन लेन मोकळ्या असल्या तरी अडीच-तीन तासांची निश्चिंती.

तीच माणसं पायी निघाली तर? ब्रिटनमध्ये स्टेडियम सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ग्रीन गाइड’ या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं निर्धोक जाऊ शकतात, आणि आठ मिनिटांत सगळे बाहेर पडायला हवेत. ३३,००० प्रेक्षकांसाठी हिशेब करा: सगळ्या दरवाजांची मिळून रुंदी पन्नास मीटर असली की भागतं. पुढे १२ डब्यांची लोकल तीन-साडेतीन हजार माणसं बिनबोभाट पोटात घेते. दहा गाड्यांत अख्खं स्टेडियम रिकामं. वानखेडे चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्टेशनांच्या मध्ये, रेल्वे रुळांना लागून आहे. म्हणूनच ते अकरा एकरांत मावलं, आणि म्हणूनच त्याच्याभोवती गाड्यांसाठी सपाट केलेलं ओसाड मैदान नाही. आजूबाजूच्या इमारती, जिमखाने, इराणी हॉटेलं आपापल्या जागी राहिली.

याच्या दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिस. १९६२ मध्ये उघडलेल्या डॉजर या बेसबॉल स्टेडियमभोवती सुमारे १६,००० गाड्यांची पार्किंग आहे. त्या टेकडीवर पूर्वी मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांच्या तीन वस्त्या होत्या. सरकारी घरं बांधायची म्हणून त्या रिकाम्या केल्या गेल्या, ती योजना रद्द झाली आणि जमीन शेवटी स्टेडियमला मिळाली. वर्षातले जेमतेम ऐंशी-नव्वद दिवस सोडले, तर तिथे फक्त डांबर तापत असतं. डांबराच्या पलीकडे चहाची टपरी चालणार तरी कशी? सामना संपला की माणूस फाटकातून थेट गाडीत आणि गाडीतून थेट घरी.

पण स्टेशनजवळचं स्टेडियम म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. बाहेरचा रस्ता हा स्टेडियमचाच भाग असतो, हे विसरलं की काय होतं ते ४ जून २०२५ ला बेंगळुरूत दिसलं. आयपीएल विजयाच्या जल्लोषासाठी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्षमतेच्या कितीतरी पट लोक जमले आणि फाटकांजवळच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. आतल्या खुर्च्या मोजलेल्या असतात. बाहेरच्या फुटपाथची रुंदी मोजायला कुणी नसतं.

शिवाय या सगळ्याचं बिल कोण भरतं, हा भाग आहेच. लंडनच्या ऑलिंपिक स्टेडियमवर रूपांतराच्या खर्चासह ७० कोटी पौंडांहून जास्त खर्च झाले आणि वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबला ते वर्षाला सुमारे २५ लाख पौंड भाड्याने मिळालं. ते ज्या स्ट्रॅटफर्ड भागात आहे, त्याचा कायापालट झाला हे खरं. पण तिथे ज्युबिली लाइन १९९९ मध्येच पोहोचली होती, २००९ मध्ये वेगवान रेल्वेचं स्टेशन आलं आणि २०११ मध्ये भलंमोठं मॉल. पुन्हा तोच कावळा. आपल्याकडे बिल इतकं उघड नसतं, ते तुकड्यातुकड्यांत येतं: सवलतीची सरकारी जमीन, पोलिस बंदोबस्त, जादा लोकल. सामन्यांच्या बंदोबस्ताचं शुल्क राज्य सरकारने २०२३ मध्ये कमी केलं, तेही २०११ पासून लागू धरून, आणि प्रकरण जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयात गेलं. पाण्याचंही तसंच. २०१६ च्या दुष्काळात खेळपट्ट्यांना पाणी घालण्यावरून उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते.

पुण्याजवळच्या गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम २०१२ मध्ये द्रुतगती मार्गालगत उघडलं. दिसायला सुंदर आहे, पण २०२३ च्या विश्वचषकातही त्याच्या वाट्याला पाचच सामने आले. सामन्याच्या दिवशी वाहनांची रांग, एरवी बहुतेक शांतता. उलट नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला हार्बर लाइन आहे, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या तीन कार्यक्रमांची गर्दी जादा लोकल सोडून हलवता आली.

आता मुंबईजवळ लाखभर प्रेक्षकांचं नवं स्टेडियम बांधायचं चाललं आहे. त्यासाठी भिवंडी तालुक्यात समृद्धी महामार्गाजवळच्या आमणे इथल्या सुमारे ५० एकर जागेची चर्चा झाली. आमणे लोकलच्या मार्गावर नाही. मघाचंच गणित करून बघा: लाख माणसं, गाडीत तिघे, गाडीला २५ चौरस मीटर. नुसत्या पार्किंगलाच दोनशे एकर लागतात.