धूर मोजायचा तर एक्सलरेटर तळाला गेला पाहिजे

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती भरून ट्रक बाहेर पडला आणि मागच्या दुचाकीवाल्याचं तोंड काळं झालं, की हमखास ऐकू येतं, 'लोड आहे, म्हणून धूर मारतोय.' ही समजूत चुकीची आहे. धड अवस्थेतलं डिझेल इंजिन पूर्ण लोडवरही काळा लोट सोडत नाही. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. तेवढी हवा डिझेलच्या फवाऱ्यात नीट मिसळली नाही, तर फवाऱ्याच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी आणि उष्णता मात्र भरपूर अशी स्थिती होते. तिथे इंधनाचे रेणू फुटून कार्बनचे कण जमतात. बरेचसे कण पुढे सिलिंडरमध्येच जळून जातात. उरलेले सायलेन्सरमधून बाहेर येतात, तीच काजळी.

केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात (२०१९) सांगलीचं नाव आहे. हवेतल्या धुळीला वाहनांबरोबर इतरही कारणं आहेत, पण रस्त्यावरच्या गाडीवर सरकारचा हात पोचतो तो मुख्यतः पीयूसीमधून, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीतून. बीएस म्हणजे धुरावरच्या सरकारी नियमांचे टप्पे, आकडा जितका मोठा तितका नियम कडक. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षातून एकदा लागते, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. पीयूसी नसेल तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर प्रकाशाने मोजतात. ४३ सेंटिमीटर लांबीच्या धुराच्या थरातून प्रकाश सोडायचा आणि किती टक्के अडला ते वाचायचं. हा आकडा म्हणजे हार्ट्रिज. बीएस-४ गाडीला मर्यादा ५०, त्याआधीच्या गाडीला ६५. फरक फक्त १५ चा दिसतो, पण हे प्रमाण सरळ रेषेतलं नाही. धुराचा एक थर निम्मा प्रकाश अडवतो असं समजा, म्हणजे आकडा ५०. काजळी दुप्पट झाली तर पहिल्या थरातून आलेल्या निम्म्यातला पुन्हा निम्मा अडतो आणि आकडा १०० न होता ७५ येतो. तिप्पट काजळीला ८७.५. म्हणून याच प्रकाशमापनातून दर मीटरमागची घनता काढतात, तिला 'के' म्हणतात. ६५ हार्ट्रिजला के २.४५ आणि ५० ला १.६२, म्हणजे धूर एक तृतीयांश कमी. ८० वरून ७५ वर आणणं सोपं वाटतं, पण तेवढ्यालाही काजळी जवळपास १४ टक्के घटवावी लागते.

आता खरी मेख. चाचणी न्यूट्रलमध्ये होते, गाडीवर लोड नसतो. मग धूर येतो कुठून? एक्सलरेटर एका दमात, सेकंदाच्या आत, तळापर्यंत दाबला की पंप एकदम पूर्ण डिझेल सोडतो, पण इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला क्षणभर लागतो. त्या क्षणी हवा कमी पडते. इंजिनला जोडलेल्या जड चाकाची, फ्लायव्हीलची, जडता हाच इंजिनवरचा लोड. पेडल हळू दाबलं तर इंजिनचा वेग सोबत वाढत जातो, पंप जास्त डिझेल सोडतच नाही, आणि काळं ओकणारी गाडीही पास होते. शिवाय इंजिन गरम हवं, तेलाचं तापमान किमान ६० अंश. आधी स्वच्छ हवेवर यंत्राचं शून्य लावायचं, दोन-तीन वेळा रेस करून सायलेन्सर मोकळा करायचा, प्रोब, म्हणजे यंत्राची धूर ओढणारी नळी, सायलेन्सरच्या नीट आत घालायचा आणि मगच मोजायचं. दरवेळी इंजिन गव्हर्नरच्या (वेगाला मर्यादा घालणाऱ्या भागाच्या) कमाल वेगापर्यंत गेलं पाहिजे. 'एवढी रेस दिली तर इंजिन बसेल' ही मालकाची भीती अगदीच खोटी नाही. तेल कमी असेल किंवा टायमिंग बेल्ट बदलायला आला असेल, तर आधी ते काम करा.

नापास झाली तर क्रमाने बघा. पहिला एअर फिल्टर: यार्डातली आणि उसाच्या फडातली धूळ तो लवकर चोंदवते. मग टर्बोच्या नळीची ढिली क्लिप. मग नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारं इंजेक्टरचं तोंड: टेस्टरवर लावल्यावर धुकं पडायला हवं, थेंब नव्हे. शेवटी पंप. ताकद वाढावी म्हणून सील तोडून पंपातून सुटणारं डिझेल वाढवलेलं असतं, ते मूळ सेटिंगला आणा. निळा धूर असेल तर हे सारं सोडा, तिथे ऑईल जळतंय.

डिझेलच्या पाइपला चुंबक लावल्याने धूर कमी होतो, असं सांगून ते विकलं जातं. डिझेलच्या रेणूंवर त्याचा काही परिणाम होत नाही, फवाऱ्याचा थेंब तेवढाच राहतो. बंपरला लिंबू-मिरची बांधल्यानेही नोझल साफ होत नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी धुराच्या वाटेवरच्या वेगळ्या फिल्टरमध्ये अडकते आणि सुमारे ६०० अंशांना जळते. शहरात विश्रामबाग ते मिरज असे छोटे फेरे मारून तेवढी उष्णता मिळत नाही, फिल्टर चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. काही जण मग फिल्टरच पोकळ करून घेतात. ते करू नका. दिवा लागताच पेठ नाक्याकडच्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवा, काजळी बहुधा जळून जाते. दिवा तरीही विझला नाही, तर आधी इंजेक्टर तपासा.