भोवऱ्याची उडी किती लांब?

10 सेंटीमीटर रुंद चॅनेलमधल्या पाण्यात रंगाचा थेंब सोडला तर तो सगळीकडे मिसळायला किती वेळ लागेल? पाणी थराथरानं, शांत वाहत असेल तर सगळं काम रेणूंच्या धक्काबुक्कीवर. ढोबळ हिशोब सोपा आहे, अंतराचा वर्ग करायचा आणि पसरण्याच्या दरानं भागायचं. पाण्यात रंगाचा हा दर सेकंदाला साधारण एक लाखांश चौरस सेंटीमीटर, म्हणजे उत्तर येतं एक कोटी सेकंद, जवळजवळ चार महिने!

पण पाणी नेहमी असं शांत वाहत नाही. 1883 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑसबोर्न रेनॉल्ड्सनं काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून बघितलं, वेग कमी असताना धार सरळ रेघेसारखी जायची आणि वेग वाढवला की एका जागी अचानक फुटून सगळं पाणी रंगीत. वेग गुणिले रुंदी भागिले पाण्याचा चिकटपणा, हा तो प्रसिद्ध रेनॉल्ड्स नंबर, पाईपमध्ये 2000 च्या खाली असला की प्रवाह शांत आणि बराच वर गेला की भोवरेच भोवरे.

आता प्रत्येक भोवऱ्याचं गणित मांडत बसलो तर कॉम्प्युटरही दमतो. म्हणून 1925 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटलनं जे सुचवलं ते मला फार सुंदर वाटतं. गॅसचा रेणू धडक बसेपर्यंत थोडं अंतर जातो ना, तसंच पाण्याचा एक गोळा आपला वेग आणि रंग टिकवून थोडी उडी मारतो आणि मग आजूबाजूच्या पाण्यात हरवतो, या उडीची लांबी म्हणजे मिक्सिंग लेंग्थ. बंदिस्त जागेत ती भिंत ठरवते! भिंतीजवळच्या भोवऱ्याला मोठं व्हायला जागाच नसते, त्यामुळे उडी भिंतीपासूनच्या अंतराच्या साधारण 0.4 पट धरतात.

समजा आपल्या चॅनेलमध्ये उडी सरासरी 1 सेंटीमीटर आणि भोवऱ्यांचा वेग सेकंदाला 2 सेंटीमीटर. गुणाकार 2, हाच नवा पसरण्याचा दर. 100 भागिले 2, म्हणजे 50 सेकंद. कुठे चार महिने आणि कुठे एक मिनिटसुद्धा नाही!

मॉडेल चुकतं पण, आणि कुठे चुकतं ते बघण्यासारखं आहे. प्रांटल भोवऱ्यांचा वेग काढतो तो शेजारच्या थरांच्या वेगातल्या फरकावरून, आणि चॅनेलच्या बरोबर मधोमध हा फरक शून्य असतो, म्हणजे सूत्राप्रमाणे तिथे मिसळणं बंदच व्हायला हवं, प्रत्यक्षात भोवरे तिथेही आरामात पोचतात. शिवाय भोवरे रंगाला फक्त ताणून, दुमडून त्याचे पातळ पातळ पापुद्रे करतात, शेवटचं खरं मिसळणं तेच संथ रेणू करतात, फक्त आता त्यांना 10 सेंटीमीटर नाही, केसाएवढं अंतर जायचं असतं.